परीक्षेविना गुणपत्रक
महामारीच्या काळातील परीक्षा आणि महाविद्यालयीन प्रवेश : एक अभ्यास

फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, मे-जूनमध्ये निकाल आणि त्यापाठोपाठ प्रवेश, हा क्रम विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्या इतका अंगवळणी पडलेला आहे की तो कधी खंडित होईल असे कोणाच्या मनातही येत नसे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोविडच्या साथीने तो खंडित केला. वर्ग बंद झाले, परीक्षा पुढे गेल्या आणि अनेक ठिकाणी त्या रद्द झाल्या. तरीही गुणपत्रके निघाली आणि प्रवेशही झाले. परीक्षा न घेता गुण कसे दिले गेले, त्यातून कोणाचा लाभ झाला आणि कोणाची हानी झाली, याचा विचार संकट ओसरल्यानंतर शांतपणे होणे आवश्यक आहे. पुढे असा प्रसंग पुन्हा आला तर गावातील शाळेने आज काय करून ठेवले पाहिजे, याचे उत्तर त्या विचारातच सापडते.

परीक्षेची दोन कामे

सार्वजनिक परीक्षा एकाच वेळी दोन कामे करीत असते. विद्यार्थ्याने ठरलेला अभ्यासक्रम पुरा केला आहे, असे प्रमाणपत्र देणे हे पहिले काम. जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असताना कोणास प्रथम प्रवेश द्यावयाचा, याचा क्रम लावणे हे दुसरे काम. एरवी ही दोन्ही कामे एकाच गुणपत्रकाने होतात. त्यामुळे ती भिन्न आहेत हे सहसा ध्यानात येत नाही.

सार्वजनिक परीक्षेचे बळ तिच्या समानतेत आहे. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास विद्यार्थ्याचे नाव, गाव वा घराणे ठाऊक नाही. घरातील व शाळेतील साधने सर्वांना सारखी मिळत नाहीत, हा तिचा दोष जुनाच आहे. तथापि परीक्षेच्या त्या तीन तासांत तरी सर्वांस एकच मापदंड लागतो, एवढा विश्वास समाजाने तिच्यावर ठेवलेला आहे. महामारीने नेमका हा मापदंडच काढून घेतला.

अर्धवट राहिलेले पेपर

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा अनेक मंडळांच्या परीक्षा अर्ध्यावर होत्या. महाराष्ट्रात दहावीचा केवळ भूगोलाचा पेपर राहिला होता. तो रद्द करून अन्य विषयांच्या सरासरीनुसार गुण देण्यात आले. गोव्यात दहावीची परीक्षा सुरू व्हावयाची होती. ती टाळेबंदीचे नियम पाळून, मुखपट्टी व अंतर यांची व्यवस्था करून, २१ मे २०२० पासून घेण्यात आली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने म्हणजे सीबीएसईने उरलेले पेपर रद्द केले. ज्यांचे तीनपेक्षा अधिक पेपर झाले होते, त्यांना सर्वोत्तम तीन विषयांची सरासरी राहिलेल्या विषयांसाठी देण्यात आली.

अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षा मात्र टळल्या नाहीत. त्या पुढे ढकलाव्यात अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२० रोजी फेटाळली. त्यानंतर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘जेईई मुख्य’ आणि १३ सप्टेंबरला ‘नीट’ परीक्षा झाली. ‘नीट’साठी सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांनी नाव नोंदविले होते. साथ जोरात असताना दूरच्या केंद्रावर मुलांना पोहोचविणे, हे खेड्यातील पालकांपुढचे त्या वर्षीचे मोठे काम होते.

२०२० मध्ये बहुतेक विद्यार्थ्यांच्या पदरी निदान काही पेपरांचे गुण होते. २०२१ मध्ये तेही नव्हते.

तीस, तीस आणि चाळीस

साथीची दुसरी लाट आली आणि १ जून २०२१ रोजी सीबीएसईची बारावीची परीक्षा रद्द झाल्याचे जाहीर झाले. पाठोपाठ बहुतेक राज्यांच्या मंडळांनी तोच मार्ग धरला. गुण देण्यासाठी सीबीएसईने जे सूत्र तयार केले, त्यास १७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. लेखी भागाच्या गुणांत दहावीच्या सर्वोत्तम तीन विषयांच्या सरासरीस ३० टक्के, अकरावीच्या वार्षिक परीक्षेस ३० टक्के आणि बारावीच्या घटक चाचण्या, सहामाही व पूर्वपरीक्षा यांस ४० टक्के असा भार देण्यात आला. महाराष्ट्रातही बारावीसाठी तीस, तीस, चाळीस याच प्रमाणाचा अवलंब झाला. दहावीसाठी तेथे नववीच्या निकालास ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनास ३० आणि गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिक यांस २० गुण ठेवण्यात आले.

या सूत्राचा परिणाम एका साध्या हिशेबाने समजेल. समजा, एका विद्यार्थ्यास दहावीत ७०, अकरावीत ५० आणि बारावीच्या पूर्वपरीक्षेत ८० टक्के गुण आहेत. त्याचे २१, १५ आणि ३२ मिळून ६८ होतात. दुसऱ्यास दहावीत ७०, अकरावीत ७५ आणि बारावीत ७० टक्के आहेत. त्याचे २१, साडेबावीस आणि २८ मिळून साडेएकाहत्तर होतात. बारावीत पहिला विद्यार्थी दहा टक्क्यांनी पुढे असूनही अंतिम निकालात तो मागे पडतो. याचे कारण अकरावीचे वर्ष.

अकरावी म्हणजे दहावी आणि बारावी यांच्यामधील विसाव्याचे वर्ष, असा समज आपल्याकडे दृढ आहे. त्या वर्षाचे गुण पुढे कोणी विचारीत नाही, म्हणून विद्यार्थी त्याकडे दुर्लक्ष करतात आणि काही शाळाही उत्तरपत्रिका घाईने तपासून मोकळ्या होतात. २०२१ मध्ये ज्या वर्षास कोणी हिशेबात धरले नव्हते, त्याचा वाटा एकाएकी तीस टक्के झाला. त्या वर्षी आजारी पडलेल्या, कापणीच्या दिवसांत शेतावर राबलेल्या वा नव्या माध्यमाशी झगडणाऱ्या मुलाची ती जुनी नोंद त्याच्या प्रवेशाच्या आड आली.

शाळेचा इतिहास विद्यार्थ्याच्या वाट्याला

अंतर्गत गुण शाळेच्या हाती असतात. सर्वच शाळा सढळ हाताने गुण देऊ लागल्या तर न्याय कसा व्हावा, हा पुढचा प्रश्न होता. सीबीएसईने प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली निकाल समिती नेमण्यास सांगितले. तीत त्या शाळेचे दोन आणि शेजारच्या शाळांचे दोन ज्येष्ठ शिक्षक होते. शिवाय त्या शाळेचा मागील तीन वर्षांतील जो निकाल सर्वांत चांगला, तो आधार धरून नवे गुण त्याच्या जवळपास ठेवण्याची अट घालण्यात आली.

हेतू रास्त होता. तथापि ज्या शाळेचे पूर्वीचे निकाल बेताचे होते, तेथील एखाद्या तुकडीत यंदा अधिक हुशार मुले असली, तरी त्यांच्या गुणांस जुन्या निकालाची मर्यादा पडली. मुलाने काय केले याबरोबरच त्याच्या आधीच्या मुलांनी काय केले होते, हेही त्याच्या गुणपत्रकात उतरले.

या अडचणीचे उग्र रूप एक वर्ष आधीच इंग्लंडमध्ये दिसले होते. तेथे २०२० मध्ये ‘ए लेव्हल’ ही विद्यापीठपूर्व परीक्षा रद्द झाली. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अपेक्षित श्रेणी आणि वर्गातील क्रम कळवावा व परीक्षा नियामक संस्थेने शाळेचे मागील निकाल पाहून संगणकीय गणिताद्वारे अंतिम श्रेणी ठरवावी, अशी योजना होती. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणीपेक्षा खाली आल्याचे दिसले. ज्या विषयास अगदी थोडे विद्यार्थी होते, तेथे हे गणित लागू पडत नसल्याने शिक्षकांचीच श्रेणी कायम राहिली. लहान वर्ग प्रामुख्याने खाजगी शाळांत असल्याने त्याचा लाभ त्यांना अधिक झाला. मोठ्या सरकारी शाळांतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चारच दिवसांत, १७ ऑगस्टला, शासनाने निर्णय फिरवून शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी मान्य केल्या. शिक्षकांच्या श्रेणी स्वीकारल्यावर वरच्या दोन श्रेणी मिळविणाऱ्यांचे प्रमाण २०१९ मधील सुमारे २५ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आणि २०२१ मध्ये ४५ टक्क्यांच्या जवळ गेले. हे प्रमाण पुन्हा २७ टक्क्यांवर येण्यास २०२३ साल उजाडले.

प्रमाणपत्र वाचले, क्रम हरवला

भारतातही असेच घडले. सीबीएसईच्या बारावीचा निकाल २०१९ मध्ये ८३.४० टक्के, २०२० मध्ये ८८.७८ टक्के आणि २०२१ मध्ये ९९.३७ टक्के लागला. ९५ टक्क्यांहून अधिक गुण मिळविणारे विद्यार्थी २०१९ मध्ये १७,६९३ होते. ते २०२० मध्ये ३८,६८६ आणि २०२१ मध्ये ७०,००४ झाले. त्या वर्षी गोवा मंडळाच्या बारावीचा निकाल ९९.४० टक्के आणि महाराष्ट्राचा ९९.६३ टक्के होता.

उत्तीर्ण झालेल्यांच्या आनंदात उणे काढण्याचे कारण नाही. परीक्षा न झाल्याने कोणाचे वर्ष वाया जाऊ नये, हा उद्देश सफल झाला. परीक्षेचे पहिले काम, म्हणजे प्रमाणपत्र देणे, कसेबसे पार पडले. दुसरे काम मात्र झाले नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या पहिल्या यादीत काही नामवंत महाविद्यालयांतील अभ्यासक्रमांसाठी किमान मर्यादा शंभर टक्क्यांवर जाऊन पोहोचली. शंभरापुढे आकडाच नसल्याने ९९ टक्के मिळविणाऱ्या मुलाने अधिक काय करावयास हवे होते, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते.

नवी चाचणी आणि तिचे प्रश्न

क्रम लावण्यासाठी स्वतंत्र चाचणी घ्यावी, हा विचार मग पुढे आला. महाराष्ट्र शासनाने अकरावी प्रवेशासाठी २१ ऑगस्ट २०२१ रोजी सामाईक प्रवेश परीक्षा घेण्याचे ठरविले. इंग्रजी, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांस प्रत्येकी २५ असे शंभर गुण आणि राज्य मंडळाचा अभ्यासक्रम असे तिचे स्वरूप होते. ही परीक्षा ऐच्छिक होती, परंतु ती देणाऱ्यास प्रवेशात अग्रक्रम मिळणार होता. आयसीएसई मंडळाच्या एका विद्यार्थिनीने त्याविरुद्ध दाद मागितली. जो अभ्यासक्रम शिकविलाच गेला नाही त्यावर परीक्षा कशी द्यावी, हा तिचा प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी ती परीक्षा रद्द ठरवून अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांवर प्रवेश देण्यास सांगितले. समान चाचणी घ्यावयाची तर तिच्यामागचा अभ्यासक्रमही समान असावा लागतो आणि तिला कायद्याचा आधार असावा लागतो, हे या निकालाने स्पष्ट केले.

कर्नाटकाने दहावीसाठी वेगळा मार्ग निवडला. तेथे १९ व २२ जुलै २०२१ या दोनच दिवसांत, पर्यायी उत्तरांची खूण करावयाची सोपी परीक्षा घेण्यात आली. आठ लाखांहून अधिक विद्यार्थी तिला बसले. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी माध्यमाची मुलेही त्यांत होती. बारावी म्हणजे द्वितीय पीयूसीची परीक्षा मात्र तेथेही रद्द होऊन दहावी, प्रथम पीयूसी व अंतर्गत मूल्यमापन यांच्या आधारे निकाल लावण्यात आला.

केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून ‘सीयूईटी’ ही सामाईक परीक्षा सुरू झाली. ती संगणकावर होणारी आणि मराठीसह १३ भाषांत देता येणारी होती. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास आपल्या भाषेत उत्तर देता येणे, ही लहान सोय नव्हे. तथापि संगणकाची सवय, केंद्राचे अंतर आणि शिकवणी वर्गांचा खर्च हे प्रश्न अशा प्रत्येक नव्या चाचणीबरोबर येतात. २०१९-२० च्या शासकीय शैक्षणिक माहितीनुसार देशातील सुमारे २२ टक्के शाळांतच इंटरनेटची सोय होती, हेही विसरून चालणार नाही.

ऐच्छिकतेचा अनुभव

भारतात परीक्षा रद्द झाली आणि सूत्र आले. अमेरिकेत चाचणी देण्या-न देण्याचा निर्णय विद्यार्थ्यावर सोपविण्यात आला. या तिसऱ्या मार्गाचा अनुभवही बोधप्रद आहे. तेथील महाविद्यालयीन प्रवेशात ‘सॅट’ ही ४०० ते १६०० गुणांची चाचणी दीर्घकाळ महत्त्वाची मानली गेली आहे. १९२६ मध्ये ती प्रथम घेतली गेली. २०२० च्या वसंत ऋतूत तिची केंद्रे बंद पडली. शालेय शिक्षण २०२० मध्ये पूर्ण करणाऱ्या तुकडीतील सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी ही चाचणी दिली होती. पुढील वर्षीच्या तुकडीत ही संख्या सुमारे १५ लाखांवर आली. बहुसंख्य महाविद्यालयांनी गुण कळविणे ऐच्छिक केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर २०२१ पासून या गुणांचा विचार करणेच सोडले.

ऐच्छिकतेमुळे गरीब विद्यार्थ्यांना वाट मोकळी होईल अशी अपेक्षा होती. पुढे डार्टमथ महाविद्यालयाने आपल्याकडील प्रवेशांचा अभ्यास केला, तेव्हा निराळेच आढळले. साधनांची उणीव असलेल्या शाळांतील कित्येक विद्यार्थ्यांनी आपले गुण कमी आहेत असे समजून ते कळविलेच नव्हते. प्रत्यक्षात त्यांच्या परिस्थितीचा विचार करता ते गुण उत्तम होते आणि कळविले असते तर त्यांना उपयोगी पडले असते. योग्य सल्ला देणारे त्यांच्याजवळ कोणी नव्हते. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविज्ञान संस्थेने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, येल, ब्राऊन व हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये चाचणीचे गुण पुन्हा आवश्यक केले.

या अनुभवातून एक गोष्ट खेड्यापाड्यांतील पालकांनी घेण्याजोगी आहे. सवलत ज्याला समजते त्यालाच ती मिळते. अर्ज कोठे करावयाचा, कोणते कागद जोडावयाचे, निकाल मान्य नसल्यास कोणत्या तारखेपर्यंत दाद मागावयाची, ही माहिती वेळेवर न पोहोचल्यास उदार नियमही कागदावरच राहतो.

ज्यांची नोंदच नव्हती

२०२१ च्या सूत्रापासून एक वर्ग पूर्णपणे बाहेर राहिला. सीबीएसईकडे बाहेरून, म्हणजे शाळेत नाव नसताना, परीक्षेस बसणारे विद्यार्थी होते. त्यांत नोकरी करून शिकणारे होते, मध्येच शिक्षण सुटलेले होते आणि पूर्वी अनुत्तीर्ण झालेलेही होते. त्यांच्या घटक चाचण्या नाहीत, गृहपाठ नाही, शाळेत त्यांना ओळखणारे शिक्षक नाहीत. त्यामुळे कोणतेही सूत्र त्यांना लावता येईना. त्यांची लेखी परीक्षा १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर २०२१ या काळात झाली. सूत्राने मिळालेले गुण ज्यांना मान्य नव्हते, त्यांनाही त्याच वेळी परीक्षेस बसण्याची मुभा होती. शाळेतील सोबत्यांचे निकाल जुलैअखेर लागलेले असताना या विद्यार्थ्यांना प्रवेशासाठी आणखी वाट पाहावी लागली.

शाळेने आज काय करावे

या साऱ्या घटनांत एक सूत्र समान आहे. परीक्षा गेली तेव्हा निर्णय शेवटी जुन्या नोंदींवर आला. जेथे वर्षभर चाचण्या नियमित झाल्या होत्या आणि गुण प्रामाणिकपणे लिहिले होते, तेथे विद्यार्थ्याची बाजू मांडण्यास पुरावा होता. जेथे नोंदवही वर्षअखेरीस एका बैठकीत भरली जात होती, तेथे सढळ वा आखडत्या हाताने गुण देण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि त्यांवर बाहेरच्या कोणाचा विश्वासही बसत नव्हता. पुढील गोष्टी यासाठीच नित्याच्या झाल्या पाहिजेत.

पहिली, नववी व अकरावीच्या परीक्षा दहावी-बारावीइतक्याच काळजीने घेतल्या जाव्यात. विद्यार्थ्यास तपासलेली उत्तरपत्रिका दाखवावी आणि तिचे गुण त्याच आठवड्यात नोंदवहीत चढवावेत. दुसरी, गुणांच्या आकड्याशेजारी आजार, स्थलांतर, दीर्घ अनुपस्थिती यांचे कारण एका ओळीत लिहून ठेवावे. दोन वर्षांनी त्या कमी गुणांचा अर्थ लावण्याची वेळ आल्यास तीच ओळ मुलाच्या बाजूने बोलते. तिसरी, शेजारच्या दोन-तीन शाळांच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा परस्परांच्या काही उत्तरपत्रिका तपासून पाहाव्यात, म्हणजे एका शाळेचे सत्तर आणि दुसऱ्या शाळेचे सत्तर यांत फार अंतर राहणार नाही. चौथी, बाहेरून परीक्षेस बसणाऱ्यांसाठी ज्या शाळेत अर्ज भरला जातो तेथे निदान दोन सराव चाचण्या घेऊन त्यांचे गुण जपून ठेवावेत. पाचवी, प्रवेशाचे वेळापत्रक, शुल्क-सवलत आणि फेरतपासणीची मुदत यांची सूचना शाळेच्या फलकावर व ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मराठीतून, ठळक अक्षरांत लावावी. सीमाभागात व अन्य राज्यांत, जेथे शासकीय पत्रके अन्य भाषेत येतात, तेथे हे काम शिक्षकांनी अंगावर घेतल्यास अनेक कुटुंबांची वणवण वाचेल.

यांपैकी एकाही गोष्टीस मोठा खर्च लागत नाही. लागतो तो नियमितपणा. सार्वजनिक परीक्षेची जागा शाळेची नोंदवही कायमची घेऊ शकणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. अनोळखी परीक्षकाच्या हाती पडलेली उत्तरपत्रिका गरीब मुलास जो न्याय देते, त्याचे मोल २०२१ ने अधिकच पटविले आहे. परंतु पूर, साथ वा अन्य आपत्तीने ती परीक्षा एखाद्या वर्षी पुन्हा थांबली, तर आज भरल्या जाणाऱ्या नोंदींवरच त्या तुकडीतील मुलांचे प्रवेश ठरतील. म्हणून येत्या घटक चाचणीचे गुण नोंदवहीत लिहिताना ते कधीतरी मुलाच्या गुणपत्रकात उतरतील असे समजूनच लिहिले जावेत.